सोसायटीतलं इंटरनेट: कंपनी बदलण्याआधी डक्ट ताब्यात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. बालेवाडीत १२० फ्लॅटची सोसायटी, तीन विंग, प्रत्येकी दहा मजले, मजल्यावर चार फ्लॅट. बिल्डरने एकाच इंटरनेट कंपनीला आत घेतलं होतं. रात्री आठनंतर नेट रडतं आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस बंद पडतं. दुसऱ्या कंपनीला बोलावलं तर ‘डक्टमध्ये (केबलच्या नळीत) जागा नाही’ असं उत्तर मिळून ती परत जाते. सिंगापुरातले नातेवाईक सांगतात की तिथे कंपनी बदलली तरी घरातली तार तीच राहते. ते तिथे जमतं, मग पुण्यात का नाही, आणि समितीने नेमकं काय करायचं?

आधी थेट उत्तर देतो. तिथल्या घरात ज्या तंत्रावर नेट चालतं, तेच तंत्र पुण्यातही आहे. फायबरची, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या तारेची, काच तीच, लेझर तोच. खरा फरक आहे रस्त्याकडेच्या डक्टपासून फ्लॅटच्या भिंतीपर्यंतची तार कोणाच्या ताब्यात आहे, यात. रस्त्यावरचा ताबा तुमच्या हातात नाही. कुंपणाच्या आतला मात्र समिती नक्की घेऊ शकते, आणि निम्मं दुखणं तिथेच आहे.

सिंगापुरात घरापर्यंतची फायबर नेटलिंक ही कंपनी टाकते आणि सांभाळते. ती घरगुती ग्राहकाला इंटरनेट विकत नाही. विकणाऱ्या कंपन्या तिच्याकडून फायबर नियंत्रित दराने भाड्याने घेतात. नव्या इमारतीत फायबर टाकून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. स्टॉकहोममध्ये १९९४ साली महापालिकेच्या मालकीची स्टोकॅब ही कंपनी निघाली. शहराने फायबर पुरली आणि मागेल त्याला ती समान अटींवर भाड्याने दिली. ब्रिटनने वेगळी वाट घेतली. तिथलं तारांचं मोठं जाळं सांभाळणाऱ्या ओपनरीच या कंपनीचे डक्ट आणि खांब प्रतिस्पर्ध्यांनाही खुले करायला लावले. २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथे कंपनी बदलायची तर फक्त नव्या कंपनीला कळवायचं, जुनीशी बोलणं ती करते. नेट पूर्ण बंद पडून दोन कामाच्या दिवसांत दुरुस्त झालं नाही, तर योजनेत सामील कंपन्यांच्या ग्राहकाला न मागता भरपाई मिळते. ही पद्धत २०१९ पासून आहे.

अमेरिकेचं उदाहरण तुमच्या सोसायटीशी जास्त जुळतं. अपार्टमेंटमध्ये एकाच केबल कंपनीला मक्ता देणारे करार तिथल्या नियामकाने २००७ मध्ये बंद केले. मग कंपन्यांनी घरमालकांना उत्पन्नात वाटा देऊन तोच मक्ता मागच्या दाराने आणला, आणि २०२२ मध्ये अशा काही वाटणी-करारांवरही बंदी घालावी लागली. म्हणजे बिल्डर आणि कंपनीचं साटंलोटं ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही समजू नका. दक्षिण कोरियात फायबर उत्तम, पण नेटवर्क वापराचे दर इतके की गेमिंगचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ट्विचने २०२४ च्या फेब्रुवारीत तिथला गाशा गुंडाळला. अमेरिकेत सर्व वेबसाइटना समान वागणूक देण्याचा नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये काढला, २०२४ मध्ये परत आणला आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयात पडला. या बाबतीत आपण अधिक ठाम राहिलो. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, २०१६ च्या फेब्रुवारीतच वेबसाइट पाहून वेगळा दर लावायला मनाई केली. माझं स्पष्ट मत आहे की आपण तारेतून काय वाहतं याचे नियम चांगले केले, पण तार कुठून जाते आणि ती कोण वापरू शकतं याकडे बराच काळ लक्षच दिलं नाही.

कागदावर आता बरंच आलं आहे. ट्रायने इमारतीतला प्रवेश सर्व कंपन्यांना समान मिळावा अशी शिफारस २०१७ च्या जानेवारीत केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात पायाभूत प्रकल्पांत सामायिक डक्ट टाकून ते सगळ्यांना खुले ठेवण्याची तरतूद आहे. मार्गाधिकाराचे, म्हणजे रस्त्यातून किंवा जमिनीतून केबल नेण्याच्या हक्काचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. इमारतींना डिजिटल जोडणीचं मानांकन देण्याचं विनियमन ट्रायने २०२४ मध्ये आणलं. पण बाणेर किंवा सिंहगड रस्त्यावर अजूनही पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज, गॅस यांसाठी वेगवेगळं खोदकाम होतं. खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क टाळायचं म्हणून मग केबल खांबावरून झाडावर आणि झाडावरून गच्चीवर जाते. पहिल्या वळवाच्या पावसात फांदी पडली की ती तुटते. तुमच्या पावसाळी दुखण्याचं एक कारण हे आहे. दुसरं कुंपणाच्या आत आहे.

ते शोधायला कोणाला पैसे द्यायची गरज नाही. आधी वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते त्याला, जोडा. तीन दिवस पहाटे सहाला आणि रात्री नऊला वेग मोजा. प्रत्येक विंगमधले निदान दोन फ्लॅट घ्या, एक खालचा आणि एक वरचा. आकडे एका कागदावर उतरवा, कारण पुढे कंपनीशी बोलताना हाच कागद उपयोगी पडतो.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि आकडा दिवसरात्र ९३-९४ वर अडकलेला दिसला, तर गर्दीचा काही संबंध नाही. कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे किंवा आठ तारांच्या लॅन केबलमधल्या चारच जोडलेल्या आहेत. हे फार वेळा होतं. एकच केबल खाली सोडून तिच्या चार-चार तारांवर दोन फ्लॅट चालवले जातात. कनेक्टर डोळ्यांसमोर धरा. १, २, ३ आणि ६ या पिनांवरच तार दिसली की समजायचं.

पहाटे १९० आणि रात्री ३० अशी तफावत असेल, तर ती गर्दी. ती कुठे आहे हे पिंगवरून, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून, कळतं. घरातल्या राउटरच्या पुढचा पहिला टप्पा पहाटे ३ मिलिसेकंद आणि रात्री ४० दाखवत असेल, तर तुमची इमारत आणि कंपनीचं स्थानिक केंद्र यांच्यामधली लाइन भरते आहे. पहिला टप्पा ठीक आणि त्यापुढे बिघाड असेल, तर कंपनीने वरून बँडविड्थच कमी घेतली आहे. तंत्रज्ञ बहुतेकदा स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, दोष देतात, पण तो क्वचितच दोषी असतो. जीपॉनमध्ये, म्हणजे घरापर्यंत फायबर नेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, एका लाइनवर खाली यायला सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जायला १.२५ जीबीपीएस असतात, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. एचडी चित्रपटाला ५ ते ८ एमबीपीएस पुरतात. ३२ घरांनी एकाच वेळी दोन-दोन चित्रपट लावले तरी ती लाइन भरत नाही.

तुमच्याकडे खरंच घरापर्यंत फायबर आहे का, हे मात्र नक्की पाहा. जाहिरातीत फायबर असते, पण बऱ्याच इमारतींत ती गच्चीवर संपते. तिथे एक स्विच असतो आणि खाली प्रत्येक फ्लॅटला लॅन केबल. अशा रचनेत तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे स्विचला वीज लागते. गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी वीज घालवली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं. जीपॉनमध्ये कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत विजेवर चालणारं काहीच नसतं. दुसरी, लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. गच्चीवरून खाली आणि मग आडवी फिरत गेलेली केबल त्यापुढे गेली की चुका वाढतात आणि वेग घसरतो. तिसरी सर्वांत महाग. एका विंगच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर तांब्याची केबल ओढलेली असते. जवळपास वीज कडाडली की दोन्हीकडचे स्विच आणि कधी घरातले राउटरही जळतात. दोन विंगमध्ये फायबरच हवी, यावर तडजोड करू नका. ती वीज वाहत नाही, पण आधाराची धातूची तार नसलेली मागा.

घरात फायबर येत असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा पाहा. हिशेब सोपा आहे. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, डीबी हे वाटेत होणाऱ्या घटीचं. केंद्रातून प्रकाश साधारण +३ डीबीएमने निघतो. ३२ चा स्प्लिटर सुमारे १७ डीबी खातो, चार-पाच किलोमीटर फायबर दीड डीबी, सगळे जोड मिळून आणखी दीड. म्हणजे घरात −१७ च्या आसपास आकडा यायला हवा. −२० ते −२२ चालतं. −२५ च्या खाली गेलं की नेट मधूनमधून तुटायला लागतं आणि −२७ ला सर्वसाधारण ओएनटीची सीमा संपते. हा आकडा पाऊस पडला की घसरतो आणि ऊन पडल्यावर सुधारतो असं दिसलं, तर बाहेरच्या जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरतंय. घरात रंगकाम किंवा एसी बसवल्यानंतर एकदम पाच-सहा डीबी गेले, तर कुठेतरी केबल मुडपली आहे. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही. जी.६५७.ए२ प्रकारची ७.५ मिलिमीटरपर्यंत सहन करते, म्हणून इमारतीच्या आत तीच मागायची.

आणखी एक चूक डोळ्यांनी पकडता येते. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशात तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्यात खुपसला तर दोन टोकांमध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि थोडा उलटाही फिरतो. नेट चालतं, पण जेमतेम. शिवाय कनेक्टर स्वच्छ न करता जोडणं हा सगळ्यांत मोठा रोग. पुण्यात जिथे बघाल तिथे बांधकामाची धूळ आहे. क्लिक करून पुसणारा क्लीनर तंत्रज्ञाकडे नसेल, तर त्याला कनेक्टर उघडू देऊ नका. ओएनटीचा लाल दिवा लागलेला असताना केबलच्या टोकात डोळा घालून बघू नका, आणि मुलांनाही तसं करू देऊ नका. तारेतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

आता बांधणी. सोसायटीने आतली तार स्वतःच्या मालकीची टाकावी, असा माझा आग्रह आहे. गेटपासून तळमजल्यावरच्या एका खोलीपर्यंत ४० मिलिमीटरचे एचडीपीई प्लास्टिकचे चार डक्ट टाका. दोन वापरात, दोन राखीव. डक्ट जमिनीत ६०० मिलिमीटर खोल ठेवा, वर सूचनेची पट्टी पुरा, वळणावर चेंबर द्या, प्रत्येक डक्टमध्ये ओढायची दोरी कायम ठेवा. डक्टचा उतार इमारतीकडून रस्त्याकडे हवा, उलटा झाला तर पावसाचं पाणी थेट उपकरणांच्या खोलीत येतं. तोंडं फोमने बंद करा, नाहीतर उंदीर आत शिरतात. तळघरात खोली घेऊ नका. जुलैमध्ये पंप बंद पडला की तळघराचं काय होतं, हे पुण्यात कोणाला सांगायला नको.

खोलीतून प्रत्येक विंगमध्ये १४४ कोरची, म्हणजे काचेच्या १४४ धाग्यांची, एक केबल वर न्या. तिच्यात बारा कोरच्या बारा ट्यूब असतात. प्रत्येक मजल्याला एक ट्यूब द्यायची. चार फ्लॅटना दोन-दोन कोर धरून आठ लागतात आणि चार राखीव राहतात. दहा मजल्यांना दहा ट्यूब, उरलेल्या दोन भविष्यासाठी. ट्यूबना रंग असतात, त्यामुळे पाच वर्षांनी आलेल्या नव्या तंत्रज्ञालाही रंग पाहून मजला कळतो. मजल्यावर स्प्लिटर बसवू नका. काही कंपन्या तसा आग्रह धरतील, कारण केबल कमी लागते, पण मग तो मजला त्या कंपनीचा होऊन बसतो. सगळे स्प्लिटर तळमजल्याच्या खोलीत. प्रत्येक फ्लॅटच्या दोन कोर तिथल्या फलकावर क्रमांकासह याव्यात. ग्राहकाने कंपनी बदलली की फक्त एक पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी तार, एका कंपनीच्या फलकावरून दुसरीच्या फलकावर जाते. सिंगापूरची सोय ती हीच, आणि प्रत्येक फ्लॅटला दुसरी कोर असल्याने एखाद्याला दोन कंपन्यांची जोडणीही घेता येते.

शाफ्ट निवडताना विजेचा आणि आग विझवण्याच्या पाइपांचा टाळा. स्लॅबमधली भोकं केबल टाकल्यावर अग्निरोधक सीलंटने बुजवा, कारण उघडी राहिली तर आगीत तो शाफ्ट धुराडं बनतो. आतल्या केबलचं आवरण कमी धुराचं आणि हॅलोजनविरहित असावं. बिल्डरने टाकलेल्या डक्टमध्ये खरंच जागा नाही का, तेही उघडून पाहा. निम्म्या वेळा तिथे बंद पडलेल्या टीव्ही केबल आणि तुटक्या लॅनचा गुंता सापडतो. वापरात नसलेलं सगळं काढलं की जागा होते.

करार हा भाग समित्या घाईत उरकतात आणि मग अडकतात. बिल्डरने कंपनीशी केलेल्या कराराची प्रत मागवा. मुदत किती, हस्तांतरानंतर तो सोसायटीवर बंधनकारक आहे का आणि सोसायटीने कधी ठरावाने तो स्वीकारला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे २०२३ च्या कायद्यानुसार दूरसंचार नेटवर्क ज्या मालमत्तेवर बसवलेलं असतं, तिच्यापासून ते वेगळं मानलं जातं. म्हणजे भिंत तुमची म्हणून कंपनीने टाकलेली तार आपोआप तुमची होत नाही, आणि ती परस्पर कापायचीही नाही. म्हणूनच स्वतःची तार टाका आणि ती सोसायटीची आहे, हे प्रत्येक करारात लिहून घ्या.

नव्या करारात कोणालाही मक्ता नको. मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नको. सगळ्या कंपन्यांना एकच दर, आणि तोही जागा आणि वीज यांच्या प्रत्यक्ष खर्चाइतका, विजेला वेगळा सबमीटर. उत्पन्नात वाटा मागू नका. चार पैसे मिळतील, पण ज्या दिवशी सोसायटी तो वाटा घेते, त्या दिवशी ती बिल्डरच्या जागी जाऊन बसते, आणि मग दुसरी कंपनी आत येऊ देण्यात तिचंच नुकसान असतं. त्याच कारणाने समितीच्या सदस्यांनी फुकट कनेक्शनही घेऊ नये. सोसायटीने स्वतः एक मोठं कनेक्शन घेऊन ते फ्लॅटना विकायचा मोह टाळा. इंटरनेट विकायला परवाना लागतो आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी अंगावर येते. हे सगळं सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस पुरते, वार्षिक सभेला चौदा दिवसांची लागते.

हे होईपर्यंत तक्रार कशी करायची? फोनवर बोलून सोडून देऊ नका, तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जा. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक आयोगात चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते. अशा वेळी पहाटे-रात्रीच्या आकड्यांचा तो कागद जोडा, ‘नेट स्लो आहे’ एवढ्या वाक्यावर कोणी काही करत नाही.

कंत्राटदाराकडून काम ताब्यात घेताना शेवटचा हप्ता राखून ठेवा. खोलीतल्या फलकापासून फ्लॅटमधल्या पॉइंटपर्यंत प्रत्येक कोरचा तोटा १३१० आणि १५५० नॅनोमीटर या प्रकाशाच्या दोन्ही तरंगलांबींवर मोजून मागा. तीन स्प्लाइस (कायमचे जोड), दोन कनेक्टर आणि शंभर-दीडशे मीटर फायबर धरून १.२ डीबीच्या आत आकडा यायला हवा. १३१० वर ठीक आणि १५५० वर जास्त आला, तर मध्ये कुठेतरी घट्ट वळण आहे, कारण लांब तरंगलांबी वळणावर जास्त गळते. तो मजला उघडून सरळ करायला लावा. ओटीडीआरने, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष शोधणाऱ्या यंत्राने, मोजत असतील तर लाँच केबल, म्हणजे यंत्र आणि तुमची फायबर यांच्यामधली जोड-केबल, लावली आहे ना, ते पाहा. ती नसेल तर पहिला कनेक्टर कसा आहे हे अहवालात उमटतच नाही. २४० कोरांचे अहवाल, फलकाचे क्रमांक आणि कुठली ट्यूब कुठल्या मजल्याला याचा नकाशा सोसायटीच्या दप्तरी जमा झाल्यावरच पैसे द्या, आणि त्या नकाशाची एक प्रत लॅमिनेट करून खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.